शनिवारी झटकलेला पावाचा डबा

मित्रांनो, माझ्या पोटावर निळ्या ठळक अक्षरांत ‘पाव’ असं लिहिलेलं आहे. ते वाचून माझं झाकण उघडायला जाऊ नका. पूर्वी एका टपालवाल्याने उघडलं होतं. त्याला वाटलं, आत मनुका घातलेला पाव असेल आणि एखादा तुकडा आपल्याही वाट्याला येईल. आत डोकावल्यावर तो जो सायकलवर बसला तो थेट जर्मनीच्या हद्दीत जाऊन थांबला म्हणतात. त्या दिवशीची आमच्या गल्लीची पत्रं अजून यायची आहेत.

तर मी एक जुना, कडेला पोचे आलेला इनॅमलचा डबा आहे. माझा जन्म भट्टीतला. मला भाजलं त्या दिवशी ती भट्टी इतकी तापली होती, की नेदरलँड्समधल्या आमच्या ग्रोनिंगन प्रांतातला सगळा बर्फ महिनाभर आधीच वितळला आणि कालव्यावर घसरत खेळणारे लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, कारण मी आत होतो. पण माझ्याबरोबर भाजलेल्या एका किटलीने मला शपथेवर सांगितलं आणि किटल्या सहसा खोटं बोलत नाहीत.

माझं तारुण्य एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात गेलं. काळा, विटेसारखा जड पाव मी पोटात सांभाळला. त्या घरची मुलगी रुल्फिन. तिचं लग्न पूलवाल्या वुब्बोशी झालं तेव्हा तिच्या सामानात मीही आलो. वुब्बोचं काम म्हणजे कालव्यातून बोट आली की पूल उचलायचा, गेली की खाली ठेवायचा. घर पुलाला लागूनच. माझी झिलई त्या काळी अशी होती, की जाणाऱ्या बोटींवरचे खलाशी आमच्या खिडकीतून माझ्यात बघून मिशा सारख्या करायचे आणि त्या नादात पुलाच्या खांबाला धडकायचे. मग वुब्बो खाली उतरून त्यांना पुलाचे नियम वाचून दाखवायचा. नियमांवर त्याचा फार जीव. कुठलाही नियम कशासाठी आहे, हे त्याने कधी कुणाला विचारलं नाही. आहे म्हटल्यावर पाळायचा.

मग पाव कापलेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळायला लागला. मला परसातल्या अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवलं. माझ्या पोटात रंगाचे वाळलेले ब्रश आणि सायकलचा पंप आला. तळाला गंज चढला. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही डब्याची असते, म्हणून लांबवत नाही.

माझं नशीब उघडलं ते दोन परक्या पाहुण्यांमुळे. रुल्फिनच्या भाचीने ते आणले. तळहातावर मावणारे, राखी रंगाचे, पाठीवरून नाकापर्यंत एक काळा पट्टा आणि डोळे एवढे मोठे, की सगळा चेहरा डोळ्यांचाच वाटावा. मनगटापासून घोट्यापर्यंत कातडीची झालर. ती पसरली की ते पडद्याच्या दांडीवरून सुटून पतंगासारखे तरंगत यायचे आणि थेट माणसाच्या खांद्यावर उतरायचे. खारीसारखे दिसत असले तरी गोत कांगारूचं, आईच्या पोटाला पिशवी असलेलं. त्यांना शुगर ग्लायडर म्हणतात. दिवसभर झोपायचं आणि दिवे लागले की कुत्र्याच्या पिल्लासारखं भुंकायचं, अशी त्यांची रीत. भाचीच्या इमारतीतले लोक त्या भुंकण्याला वैतागले होते. दोनच दिवस ठेव मावशी, असं म्हणून ती गेली. ते दोन दिवस पुढे कित्येक वर्षं चालले.

नराचं नाव मॉप, मादीचं पुक. फळं, मध घातलेली अंड्याची पेज हे सगळं ते खायचे, पण त्यांचा खरा जीव जिवंत अळ्यांवर. दुकानातून आणलेल्या डबीतल्या अळ्या निम्म्या मेलेल्या निघायच्या. रुल्फिनला ते पटेना. बटाटे घरचे, कोबी घरचा, मग अळ्याच तेवढ्या दुकानातल्या का, असं तिचं म्हणणं. अळ्या पाळायच्या तर गुळगुळीत भिंतीचं भांडं हवं, नाहीतर त्या चढून घरभर होतात. ती अडगळीच्या खोलीत आली, माझ्या आतून बोट फिरवलं आणि म्हणाली, “हा बघ, हा कामाचा.”

मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणी आपल्याला कामाचा म्हटलं की पत्र्यालाही भरून येतं.

वुब्बोने खिळा ठोकून माझ्या झाकणाला भोकं पाडली. रुल्फिनने आतून जुना पायमोजा चिकटवला, म्हणजे हवा येईल पण कुणी बाहेर जाणार नाही. तळाला कोंडा, वर गाजराच्या चकत्या, अंड्यांच्या पुठ्ठ्याचे तुकडे आणि त्यात पिवळ्या पिवळ्या अळ्या. अळ्या वाढल्या की त्यांचे पांढरे कोष झाले, कोषांतून काळे भुंगेरे निघाले, भुंगेऱ्यांनी कोंड्यात अंडी घातली आणि अंड्यांतून पुन्हा अळ्या. ती अंडी मिठाच्या कणाहून बारीक आणि चिकट असतात. कोंड्याची धूळ त्यांना लगेच चिकटते. कुठलं अंडं आणि कुठली धूळ, हे मला माझ्या तळाशी कळायचं. माणसाच्या डोळ्याला ते कळत नाही.

माझ्या पोटातून तेव्हा अशी खसखस यायची, की पाऊस आला समजून शेजारची आलीदा दोरीवरचे कपडे काढून आत न्यायची. वाळलेलेही न्यायची, ओलेही न्यायची. पहिली नवी पिढी दिसली त्या दिवशी वुब्बोने चष्मा लावून आत बघितलं आणि म्हणाला, “याहून वाईट झालं असतं.” रुल्फिन लाजली. आमच्या भागात याच्यापुढे स्तुती जात नाही. लग्नाच्या दिवशी तिला नटलेली पाहूनही तो एवढंच म्हणाला होता.

अळी वाढताना कात टाकते. कात टाकल्यावर थोडा वेळ ती दुधासारखी पांढरी आणि मऊ असते, मग पिवळी आणि टणक होते. रुल्फिन रोज संध्याकाळी माझं झाकण उघडून त्या पांढऱ्या तेवढ्या वेचायची आणि तळहातावर घेऊन पडद्यापाशी उभी राहायची. वरून दोन झालरी सुटायच्या.

आता शनिवारचं सांगतो, कारण सगळं शनिवारीच झालं.

शनिवारी आमच्याकडे घर झटकतात. खिडक्या धुतात, उंबरा घासतात, गालिचे कठड्यावर टाकून बडवतात. सगळ्या गल्लीच्या खिडक्यांचे पडदे उघडे असतात, त्यामुळे कुणाच्या घरात किती धूळ आहे, हे सगळ्यांना माहीत. ‘शनिवारी सगळं बाहेर,’ असा रुल्फिनचा हुकूम होता. वुब्बो गालिचे खांद्यावर टाकून बाहेर जायचा आणि इतक्या जोरात बडवायचा, की कालव्यातली बदकं पोहत पोहत समुद्राकडे निघायची. आत रुल्फिन कपाटापासून घड्याळापर्यंत सगळं पुसायची. मला मात्र हात लावायची नाही. मला ती क्वचित कधीतरी चाळायची आणि चाळून खाली पडलेली धूळ टाकायची नाही. मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत भरून खिडकीत ठेवायची. काही आठवडे गेले, की बरणीतली धूळ वळवळायला लागायची. केसाएवढ्या अळ्या. मग बरणी परत माझ्या पोटात रिकामी.

हे तिने कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. आणि त्या वेळी वुब्बो बाहेर गालिचे बडवत असायचा.

रुल्फिन वसंतात गेली. इस्पितळातून तिला घरी आणलं होतं, मी ज्या मांडणीवर असतो तिच्या समोरच खाट टाकली होती, म्हणून शेवटचं बोलणं मी ऐकलं. वुब्बो तिचा हात धरून बसला होता. ती म्हणाली, “मॉप-पुकला उपाशी ठेवू नकोस. आणि घराचा उकिरडा करू नकोस.”

वुब्बोने मान हलवली. त्याला दोन नियम मिळाले होते.

तिला पोचवून झाल्यावर रीतीप्रमाणे लोक कॉफी प्यायला आले, केक खाऊन गेले. पुढच्या शनिवारी वुब्बोने स्वतःच कमरेला तिचा ॲप्रन बांधला. आधी त्याला खिडकीतली बरणी दिसली. मी त्याचा चेहरा पाहिला. बिचारी आजारी होती, धूळसुद्धा टाकायची राहून गेली तिच्याकडून, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं, कारण तो बरणी हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग परसात जाऊन त्याने ती खताच्या ढिगावर रिकामी केली, साबणाने धुतली आणि उपडी ठेवली.

नंतर माझ्याकडे वळला.

त्याने चमच्याने अळ्या आणि भुंगेरे एकेक करून बादलीत काढले. एकालाही इजा होऊ दिली नाही. उरलेला कोंडा आणि तळाची धूळ ढिगावर झटकली. मला व्हिनेगरने पुसलं, फडक्याने कोरडं केलं, नवा कोंडा घातला आणि सगळ्यांना परत आत सोडलं. इतक्या मायेने मला आजवर कुणी पुसलं नव्हतं. आणि झटकलेल्या धुळीत पुढची सगळी पिढी होती.

त्याच उन्हाळ्यात मॉप गेला. पुक एकटी राहिली. ती म्हातारी झाली होती, दात झिजून पडले होते. गुरांची आणि पाळीव प्राण्यांची डॉक्टरीण आहे आमच्याकडे, सीत्स्के नावाची. तिने पुकला तपासून वुब्बोला समजावलं, की हिला आता टणक काही चावता येणार नाही, पेजेने अंगात ताकद राहणार नाही. कात टाकलेल्या मऊ अळ्या ती खाते आहे ना, मग त्या मिळताहेत तोवर ती आहे. वुब्बोने मुठीएवढ्या त्या जिवाला कापडाच्या पिशवीत घातलं, पिशवी गळ्यात अडकवली आणि सायकलवरून घरी आला. तेव्हापासून दिवसभर पुक त्याच्या छातीवर झोपायची. तोही तिच्याशी बोलायचा. रुल्फिनशी आयुष्यभरात बोलला नसेल एवढं त्या काही महिन्यांत बोलला.

म्हणजे मित्रांनो, सगळं माझ्यावर आलं होतं. माझ्या पोटात अळ्या, तर पुक. आणि पुक आहे, तर वुब्बो सकाळी उठतो, दाढी करतो, गाजर कापतो.

मी माझ्या परीने लढलो. शनिवार आला, की मी झाकण घट्ट धरून ठेवायचो. एकदा असं धरलं, की वुब्बोने एका गुडघ्याने मला दाबून दोन्ही हातांनी ओढलं आणि झाकण निघालं तेव्हा तो मागे कपाटावर जाऊन आदळला. त्याने मला दटावलं नाही. रुल्फिनच्या शिवणयंत्राचं तेल आणलं, माझ्या कडेला प्रेमाने लावलं आणि म्हणाला, “म्हातारपण रे, दुसरं काय.” पुढच्या शनिवारी माझं झाकण बोटाने उघडलं. मला तोंड आहे, पण ते फक्त उघडतं आणि मिटतं. त्यातून बोलता येत नाही.

शनिवारी वुब्बो झटकायला बाहेर आला, की चिमण्या आधीच कुंपणावर येऊन बसलेल्या असायच्या. त्यांना बरोबर माहीत होतं. तो आत वळला, की ढिगावर तुटून पडायच्या. आलीदा पलीकडून बघायची. आलीदाच्या जिभेला हाड नाही. ती म्हणायची, “शनिवारी तुझ्याकडे चिमण्या चर्चला आल्यासारख्या येतात, वुब्बो. प्रवचन कशावर असतं?”

“स्वच्छतेवर,” वुब्बो म्हणायचा.

“मग आमच्या ह्यांनाही पाठवते. ते कुणाचंच ऐकत नाहीत, तुझं तरी ऐकतील.”

त्या चिमण्या त्या वर्षी इतक्या गलेलठ्ठ झाल्या, की कुंपणाची वरची फळी वाकली. आजही वाकलेली आहे, येऊन बघा.

शरद ऋतू आला तशी माझ्या पोटातली खसखस कमी झाली. मोठ्या अळ्यांचे कोष झाले, कोषांचे भुंगेरे झाले, भुंगेरे अंडी घालत राहिले आणि मागून कुणीच आलं नाही. वुब्बोला हे कळेना. त्याने कोंडा बदलला. गाजराऐवजी बटाटा घातला. मला थंडी वाजत असेल म्हणून हीटरशेजारी ठेवलं. आणि मग त्याला सुचलं, की आपलं झटकणं कमी पडत असेल. रुल्फिनसारखी सफाई आपल्याला जमत नसेल, म्हणून अळ्या होत नसतील. तेव्हापासून तो मला बुधवारीही झटकायला लागला.

दात-ओठ खाऊन मी ते सहन केलं असं म्हणालो असतो, पण मला दात नाहीत.

तो सायकलने विन्स्खोटनला गेला. तिथे गळाने मासे पकडणाऱ्यांच्या दुकानात अळ्यांची डबी मिळते. शीतकपाटात ठेवलेल्या, गारठून काठीसारख्या झालेल्या अळ्या. त्याने त्या माझ्यात सोडल्या. ऊब लागल्यावर त्या हलल्या, पण सगळ्या वाढ पूर्ण झालेल्या. त्यांना आता कात टाकायची नव्हती, कोष व्हायचं होतं. दिवसाकाठी एखादी पांढरी सापडायची, कधी तीही नाही. वुब्बो भिंग घेऊन माझ्यावर वाकायचा, कोंडा बोटाने बाजूला करायचा, पुन्हा सारखा करायचा. पुक त्याच्या बाहीवरून उतरून माझ्या काठावर येऊन बसायची आणि दोघंही आत बघत राहायचे. चिमट्यात पिवळी अळी धरून त्याने चिरडून दिली, तर पुक वास घेऊन तोंड फिरवायची. अंड्याची पेज दोनदा चाटायची आणि पुरे म्हणायची. तिची झालर लोंबायला लागली होती. पडद्यावर चढायचं तिने सोडलं होतं.

आणि बुधवारी न् शनिवारी तो मला झटकत होता.

हिवाळ्यातल्या एका शनिवारी आलीदा वाटाण्याच्या डाळीचं घट्ट सूप घेऊन कुंपणापाशी आली. पातेलं हातात, अंगात तिच्या नवऱ्याचा काळा कोट. वुब्बो नेमका तेव्हाच मला झटकत होता. वारा फिरला आणि माझी सगळी धूळ तिच्या बाहीवर आली. ती त्याला चार शब्द सुनावणार होती. तोंड उघडलंही होतं. पण बाहीकडे बघून ती थांबली. पातेलं तिने खांबावर ठेवलं आणि बाही डोळ्यांजवळ नेली. आलीदा गप्प बसली म्हणून वुब्बोने वर बघितलं.

“वुब्बो,” ती म्हणाली, “तुझी धूळ चालतेय.”

त्याने भिंग काढलं. काळ्या कोटावर केसाचे तुकडे पडावेत तसे पांढरे बारीक धागे होते आणि प्रत्येक धागा आपापल्या दिशेने निघाला होता; हीटरच्या उबेने या वेळी अंडी लवकर फुटली होती. वुब्बोने ते पाहिले. मग ढिगाकडे पाहिलं, मग चिमण्यांकडे. चिमण्या वाट बघत होत्या.

“तिची एक बरणी होती,” तो म्हणाला. “खिडकीत. धुळीची.”

“हो, मुरंब्याची. मला वाटायचं, मसाला आहे.”

“मी धुऊन ठेवली.”

आलीदाला दुसऱ्या कुठल्याही दिवशी यावर बोलायला पुष्कळ सुचलं असतं. आज मात्र बाही तशीच अधांतरी धरून ती त्याच्या घरात आली आणि माझ्यावर हात धरून उभी राहिली. वुब्बोने रंगाच्या मऊ ब्रशने एकेक धागा तिच्या बाहीवरून माझ्यात उतरवला. मग तो परसात गेला, गुडघे टेकून ढिगावर बसला आणि चमच्याने वरची धूळ उकरू लागला. खालचं सगळं गोठलेलं होतं. आदल्या आठवड्यांचं, त्याच्याही आधीचं सगळं दगड झालं होतं. त्याने ती ढेकळंही आत आणली आणि परातीत घालून हीटरजवळ ठेवली. ती वितळून नुसती ओली धूळ झाली. त्यातून काही चाललं नाही.

त्या शनिवारनंतर वुब्बोने मला झटकलं नाही. घरही झटकलं नाही. कोळिष्टकं आली, उंबऱ्यावर चिखल वाळला. बाकीची गल्ली खिडकीतून बघत होती. तेव्हा आलीदा बादली घेऊन आली आणि त्याचा उंबरा घासून गेली. तो दारात उभा होता, पण त्याने तिला नको म्हटलं नाही आणि तिनेही कुणाला सांगितलं नाही. पुढच्या शनिवारीही आली.

माझ्या पोटात मूठभर धागे होते. मित्रांनो, धाग्याची अळी व्हायला आणि ती पुकच्या कामाची व्हायला अडीच-तीन महिने लागतात. ऊब दिली, कोंडा दिला, गाजर दिलं, तरी ती आपल्या वेळेनेच मोठी होते. मी माझ्या परीने ऊब धरून ठेवली. हीटरची सगळी उष्णता पत्र्यात शोषून घ्यायचो आणि सोडायचोच नाही. आलीदाने चुकून हात लावला तर तिला फोड आला. वुब्बो मला मांडीवर घेऊन बसायचा, गळ्यात पुकची पिशवी. आत धागे आता टाचणीएवढे झाले होते. तो पुकला म्हणायचा, “आणखी थोडं. याहून वाईट झालं असतं ना?” पुक पिशवीतून एक डोळा बाहेर काढून त्याच्याकडे बघायची.

सीत्स्के घरी येऊन गेली. तिने पुकला हातात घेतलं आणि लगेच परत दिलं. म्हणाली, “हिला दुखत असेल तर मी सुई देऊ शकते. तुम्ही सांगा.”

वुब्बोने माझं झाकण उघडून तिला आत दाखवलं. ती वाकून बघत राहिली.

“अजून किती लागतील?” त्याने विचारलं.

“यांना? सहा आठवडे.”

“आणि हिला?”

सीत्स्केने झाकण हळूच परत लावलं.

पुढचं मी किटलीला वेगळं सांगतो. किटलीला सांगताना एक अळी एका रात्रीत वाढते, सगळ्यांच्या आधी कात टाकते आणि पुक ती खाऊन पडद्याच्या दांडीवरून सुटते. किटलीला ते आवडतं. तुम्हाला जसं झालं तसं सांगतो. दुपारची वेळ होती. वुब्बो गाजराच्या चकत्या करत होता आणि पुकला सांगत होता, की गाजर फार ओलं असेल तर आत बुरशी धरते, म्हणून आधी जरा वाळवून घ्यायचं, हे आता आपल्याला कळलं आहे. तो सांगत राहिला. मग त्याने सुरी खाली ठेवली आणि पिशवीवर हात ठेवला. गाजराची चकती पाटावर तशीच राहिली आणि संध्याकाळपर्यंत तिच्या कडा वळल्या.

जमीन गोठलेली होती. आलीदाच्या नवऱ्याने पहार आणून खड्डा केला. पुक एवढीशी, पण खड्डा खोल केला. आलीदाने विचारलं, काही म्हणायचं आहे का? वुब्बो गुडघे टेकून हातांनी माती लोटू लागला.

दिवस मोठे झाले. माझ्या पोटातल्या अळ्या वाढल्या, त्यांना कुणी झटकलं नाही आणि कुणी खाल्लंही नाही. खसखस परत आली. एका संध्याकाळी वुब्बोने सवयीने झाकण उघडलं आणि कोंड्यात एक पांढरी दिसली. नुकती कात टाकलेली, दुधासारखी. त्याने ती उचलून तळहातावर घेतली आणि पडद्यापाशी जाऊन हात वर धरून उभा राहिला. कशासाठी उभा आहोत, हे त्याला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं. तरी उभा राहिला. अळी हळूहळू पिवळी झाली, मग टणक झाली, तेव्हा त्याने ती आणून परत माझ्यात ठेवली.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आपली काळजी घ्या म्हणून विनवतात. मी तसं काही मागणार नाही. मला पुरेसं पुसून झालं आहे. तुमच्या घरात कुणीतरी एखादं काम न बोलता करत असेल. कुणी झाडांना पाणी घालत असेल, कुणी घड्याळाला किल्ली देत असेल, कुणी धुळीची बरणी खिडकीत ठेवत असेल. एक दिवस हातातला गालिचा खाली ठेवून आत या आणि त्याच्या शेजारी उभे राहा. हे असं का करतोस, एवढंच विचारा. सांगायला त्याला फार वेळ लागणार नाही. वुब्बोने विचारलं असतं, तर रुल्फिनने त्याला गाजर कापता कापता सांगितलं असतं.

तो अजून रोज गाजर कापतो. आलीदा म्हणते, माझ्या कोंबड्यांना दे त्या अळ्या. तो विचार करतो असं म्हणतो आणि झाकण लावतो. मी आता काठोकाठ भरलो आहे. कोंडा कमी आणि अळ्या जास्त, अशी गत आहे. रोज आत पांढऱ्या होतात आणि रोज पिवळ्या होतात. आजवर मी तुम्हाला पुष्कळ वाढवून सांगितलं. हे वाढवून सांगत नाही.